काचमण्यांचा रोही

आचल मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीने सिंदीहून वर्ध्याला गेली आणि संध्याकाळी परत आली नाही.

तिची रोजची गाडी साडेआठची. नर्सिंगचं पहिलं वर्ष, वर्ध्याचं कॉलेज, महिन्याचा पास. त्या दिवशी पौर्णिमा उठली तेव्हा पोरीच्या अंथरुणाची घडी झालेली होती आणि जेवणाचा डबा ओट्यावर रिकामाच पालथा होता. प्रॅक्टिकल असेल लवकर, असं तिला वाटलं. पौर्णिमा अंगणवाडीत मदतनीस होती. आठला तिथं खिचडी चढवावी लागे, म्हणून तिनं पुढं फारसा विचार केला नाही.

विवेक मात्र चहा घेताना दोनदा म्हणाला, "थांबली काऊन नाई?" तो शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायचा. फाटकाजवळ त्याचं दुकान होतं. आदल्या दिवशी जेवताना त्यानं पोरीला सांगितलं होतं, "उद्या मले तार घ्याले वर्ध्याले जायचं आहे. तुह्यासंगंच येतो. तुह्या मॅडमले भेटून घेतो एकडाव. वर्ष होत आलं, तुहं कॉलेज पाह्यलं नाई म्या."

"या नं," असं म्हणून आचल ताट उचलून आत गेली होती.

विवेक एकटाच गेला. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी रजिस्टर काढलं, पानं मागंपुढं केली आणि सांगितलं की आचल जानेवारीपासून येत नाही. सहामाहीत तीन विषय गेले, त्यानंतर ती वर्गात दिसलीच नाही. ऑफिसनं फोन केले होते, पण पालक म्हणून जो नंबर लिहिला होता तो आचलचाच होता.

विवेकनं तिथूनच तिला फोन लावला. फोन बंद होता. मग त्यानं पौर्णिमाला लावला आणि एवढंच विचारलं, "पोरगी घरी आली का?"

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि आता एप्रिल संपत आलेला. पौर्णिमानं रोज सकाळी डबा भरला होता. रोज संध्याकाळी तो घासला होता. डबा नेहमी रिकामा येई. पोरगी रोज सहाच्या आत घरी येई, हातपाय धुई, खाली बसून मणी ओवत राही. मग दिवसभर ती होती कुठं? हा प्रश्न पौर्णिमाच्या डोक्यात मंगळवारी दुपारी शिरला आणि त्यानं दुसरं काही आत येऊ दिलं नाही.

शेवटची गाडी येऊन गेली. सिंदीच्या ठाण्यात जमादारांनी तक्रार लिहून घेतली. वय वीस, रंग सावळा, उंची पाच फूट एक इंच, अंगात फिकट हिरवा कुर्ता. कुर्त्याबद्दल पौर्णिमाला खात्री नव्हती. दोरीवर जो नव्हता तो तिनं सांगितला.

बुधवारी सकाळी विवेक आणि बुद्धविहारातले दोघं जण रेल्वेच्या रुळाच्या कडेकडेनं वर्ध्याच्या वाटेवरच्या तुळजापूर स्टेशनाच्या बाजूला चालत गेले. काय शोधायला, ते कोणी बोललं नाही. पौर्णिमा वर्ध्याला रेल्वे पोलिसांकडं गेली. तिथं एका मॅडमनं तिला खुर्ची दिली आणि मंगळवारचं चित्रण दाखवलं. सकाळच्या गाडीतून उतरलेली माणसं जिन्यावरून येत होती. त्यात सहा पोरी होत्या. सहाही जणींनी दुपट्ट्यानं डोकं-तोंड गच्च बांधलेलं होतं, फक्त डोळे उघडे, त्यातल्या दोघींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. एप्रिलच्या उन्हात वर्ध्यात दुसरं कसं निघणार? सहाही जणींच्या पाठीवर काळसर बॅग.

"यातली तुमची कोणती?"

पौर्णिमा पडद्याजवळ गेली. मॅडमनी ते चित्रण पुन्हा लावलं. तिसरीची चाल आचलसारखी वाटली, मग पाचवीची. सहावी जिना उतरताना कठड्याला हात लावत होती, आचलही लावते. लावते का? पौर्णिमाला आठवेना. आपल्या पोटची पोरगी या सहाजणींत आहे आणि आपल्याला ती काढता येत नाही, हे तिला कळलं.

"फोटोचा उपयोग कमी आहे ताई," मॅडम म्हणाल्या. त्या कोल्हापूरकडच्या होत्या. "चेहरा कुणी बघितलेलाच नसतो. दुसरी काही खूण? कपड्यावर, बॅगेवर?"

"बॅगेले रोही आहे."

"काय आहे?"

"रोही. मण्याईचा. तिनंच केला आहे. चेनीले लटकवते."

"रोही म्हणजे?"

"शेतात येते नाई का, पीक खाते… घोड्यासारखं असते."

"नीलगाय." मॅडमनी मान हलवली. "हे चांगलं आहे. चित्रणात एवढं बारीक दिसत नाही, पण असं लटकन दुसऱ्या कुणाच्या बॅगेला नसणार. फोटो आहे त्याचा?"

पौर्णिमानं मोबाइलमधले सगळे फोटो पाहिले. वाढदिवस, भीमजयंती, चुलत बहिणीचं लग्न. बॅग कुठंच नव्हती. बॅगेचा फोटो कोण काढतं? मॅडमनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. पौर्णिमानं काढलं ते बकरीसारखं झालं. तिनं कागद चुरगाळून मुठीत ठेवला.

"मी करून आणतो," ती म्हणाली. "उद्या आणतो."

घरी येऊन तिनं आचलच्या खाटेखालचा प्लास्टिकचा डबा ओढला. आत खणाखणांत काचमणी होते. निळसर राखाडी, काळे, पांढरे, थोडे पिवळे. तंगुसाचं, म्हणजे पारदर्शक नायलॉन दोऱ्याचं रीळ, छोटी कात्री, लोखंडी कड्यांची पुडी. केलेलं एकही जनावर त्यात नव्हतं. पौर्णिमाला ते विचित्र वाटलं. चार महिने पोरगी रोज ओवत होती. वाघ झाला, पोपट झाला, कासव झालं. गेली कुठं ती सगळी? मैत्रिणींना देते, असं आचल एकदा म्हणाली होती आणि पौर्णिमानं डाळ निवडता निवडता 'हं' केलं होतं.

ती दारात उजेडाला बसली. तंगूस तोडला, मणी ओवले. दोन टोकं असतात आणि ती एका मण्यातून समोरासमोरून आरपार काढायची, म्हणजे गोल बसतो, एवढं तिला ठाऊक होतं. पहिला गोल पाचाचा बसला. दुसरा त्याला चिकटायला हवा होता, तो लोंबला. तिनं उसवलं. पुन्हा केलं. तंगूस ओढला की मणी ताठ होत, सोडला की ढेपाळत. तिसऱ्या वेळी टोक सुटलं आणि पन्नासेक मणी फरशीवर उडाले. ती गुडघ्यांवर बसून ते गोळा करू लागली. करता करता तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोलतो आहोत. "थांब माय, थांब माय," असं ती मण्यांना म्हणत होती.

विवेक तीनच्या सुमारास आला. पायावर मांडीपर्यंत धूळ होती. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काही नाई दिसलं," तो म्हणाला. मग त्याला तिच्या हातातलं दिसलं. "तू मणी ओवून राह्यली?"

पौर्णिमानं पुढचा मणी ओवला.

"पोरगी दोन दिवसाची गायब आहे अन् तू मणी ओवून राह्यली?"

"तोंड कोणं पाह्यलं नाई तिचं," पौर्णिमा म्हणाली. "पोलीस मॅडम म्हणे, खूण पाह्यजे. ऑटोवाल्याईले, दुकानदाराईले दाखवता येईल असं. बॅगेवरचा रोही लोकाईच्या ध्यानात राह्यला असंन. तो कसा होता ते मले सांगता येत नाई. म्हणून करून राह्यली." मग तिचा आवाज फुटला. "अन् तो मले करताई येत नाई. रोज माह्या डोळ्यासमोर बसून तिनं केला. किती मणी घेतले, कुठून सुरू केला, म्या पाह्यलंच नाई हो."

 विवेकनं रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, हात लुंगीला पुसून कोरडे केले आणि तिच्यासमोर बसला.

"आण इकडं."

त्याची बोटं जाड होती, पण तीस वर्षं केसासारखी तार खाचांत बसवलेली. त्यानं तंगूस दोन्ही हातांत ताणून धरला आणि सोडला नाही. "तू मणी टाक. मी वढून धरतो. ढिल्ला पडला का गेलं."

"पाचानं सुरू केलं म्या."

"सहा. ती सहा मोजे. तोंडापासून सुरू करे, मानेकडं जाय."

पौर्णिमानं त्याच्याकडं पाहिलं.

"माह्या दुकानात बसून सुरू केला तिनं," विवेक म्हणाला. "शिंगाईले तांब्याची तार मागितली माह्यापाशी. काळा लेप असलेली पाह्यजे म्हणे. म्या म्हटलं, रोही कायले करते, लोकं शिव्या देतात रोहीले. तं म्हणे, बाबा, वाघ सगळेच करतात. रोही कोणीच करत नाई." तो थांबला. "गळ्याखाली पांढरा ठिपका आहे. चार मण्याईचा. ते करजो."

तिनं पांढरे चार मणी घेतले. तंगूस ओढला गेला. मान उभी राहिली.

"कधी आलती दुकानात?" थोड्या वेळानं पौर्णिमानं विचारलं.

विवेकचे हात तसेच ताणलेले राहिले. "मार्चमधी. दुपारी." मग तो म्हणाला, "बुधवार होता. बाजाराचा दिवस होता, गिऱ्हाईक होतं. आज कॉलेज नाई का, असं मी तिले इचारलं नाई."

 पोट झालं, पाठ झाली, पाय झाले. शेवटच्या पायाला राखाडी मणी कमी पडले, तो आखूड राहिला. दिवेलागणीला विवेक दुकानातून तारेचा तुकडा घेऊन आला आणि चिमट्यानं दोन बारकी शिंगं वळवून बसवली. जनावर तिरकं उभं राहत होतं, पण रोही होता. पौर्णिमानं त्याला कडी घातली. पोटात दोघांच्याही अन्न नव्हतं. कोणीतरी शेजारून भाकरी आणून ठेवली होती, ती तशीच राहिली.

गुरुवारी सकाळी ती दोघं वर्ध्याला उतरली. मॅडमनी रोहीचा फोटो काढून घेतला आणि पुढं पाठवला. मग स्टेशनच्या बाहेर एका बाजूनं विवेक आणि दुसऱ्या बाजूनं पौर्णिमा विचारत निघाली. रोही तिनं कडीसकट उजव्या हाताच्या बोटात अडकवला होता. चहाच्या टपरीवर, पुस्तकाच्या स्टॉलवर, ऑटोच्या रांगेत, बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत ती एकच वाक्य बोलत होती. "असं लटकन असलेली काळी बॅग, तोंड बांधलेली पोरगी, पाह्यली का हो?"

"हे गाढव आहे का?" एकानं विचारलं.

"केवढ्याले देता?" दुसऱ्यानं विचारलं.

एक म्हातारे कंडक्टर ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले.  त्यांनी ते परत दिलं आणि म्हणाले, "नाई बाई. पण माह्या ध्यानात राह्यलं असतं." अकरा वाजले, साडेअकरा वाजले. डांबर मऊ व्हायला लागलं. एका वळणावर तिला वाटलं, हेच वाक्य आपण आयुष्यभर बोलत राहणार आहोत. पौर्णिमा मॅट्रिकला असताना सिंदीच्या बाजारात एक बाई वर्षानुवर्षं हरवलेल्या मुलाचं नाव घेत फिरायची. पोरं तिच्यामागं हसत धावायची.

बाराच्या सुमारास विवेकचा फोन आला. "पवनारले नदीच्या कडेले बॅग सापडली एक. ठाण्यातून फोन आलता. मी जाऊन राह्यलो."

"मीबी येतो."

"नको. तू येऊ नको. तू दाखवत राह्य."

तिला बसायला हवं होतं, पण बसली असती तर ती उठली नसती. ती चालत राहिली. मुख्य बाजारात मणी, लेस, बटणं, टिकल्या विकणारं एक जुनं दुकान होतं. फळीवर मण्यांच्या माळा गुच्छागुच्छांनी टांगलेल्या. दुकानदाराचं नाव वासुदेवराव. पांढरी बंडी, कानाला चष्म्याची दोरी. पौर्णिमानं फळीवर रोही ठेवला आणि तिचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"काळी बॅग आहे," विवेक म्हणाला. मागून ट्रकांचा आवाज येत होता. "भिजेल आहे. चेनीले कडी आहे, पण तुटेल आहे. लटकन नाई."

"उघडून पाहा नं."

"हात लावू देत नाई. पंच येऊन राह्यले. थांब. फोन ठेवू नको."

ती फळीला धरून उभी राहिली. वासुदेवरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग रोही उचलून उलटासुलटा केला, काही बोलणार होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. फोनमधून लांबून माणसांचे आवाज येत होते. कोणीतरी 'चेन अडकली' म्हणालं. आचलच्या बॅगेची चेनही अडकायची. ती खोबरेल लावायची तिला. पौर्णिमानं डोळे मिटून घेतले. त्या क्षणी तिला फक्त एकच ऐकायचं नव्हतं, आणि ते ऐकण्यासाठीच तिनं फोन कानाला इतका घट्ट लावला होता की कान दुखत होता.

"भूगोल," विवेकचा आवाज आला. "आठवीचा भूगोल आहे. चित्रकलेची वही. कोण्या दुसऱ्याच लेकराचं आहे." मग तो रडतो आहे हे तिला ऐकू आलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.

तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या आठवीतल्या लेकराची आई डोळ्यांपुढं आली. तिथले जमादार मागून सांगत होते की बॅग चोरीची असावी, परवा बसस्टँडवरून गेलेली. तिनं फोन खाली घेतला.

"बाई," वासुदेवराव हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही केलं?"

"हो. माह्या पोरीनं केला होता तसा कराले पाह्यला."

"थे पोट्टी तुमची आहे? थे दुपट्टा बांधून येते थे?" त्यांनी मागच्या भिंतीकडं बोट केलं. खिळ्यांवर मण्यांची जनावरं टांगलेली होती. दोन वाघ, एक कासव, पोपट. पौर्णिमानं कासव ओळखलं. त्याच्या पाठीवरचे पिवळे मणी पुरत नव्हते म्हणून आचल दोन दिवस चिडलेली होती.

"हे ठेवून जाते, मणी घेऊन जाते. जानेवारीपासून येऊन राह्यली. तोंड मी तिचं अजून पाह्यलं नाई. पण बॅगेवरचा रोही पाह्यला. म्या म्हटलं, असा मलेई एक करून दे, तं म्हणे, हा इकायचा नाई."

"कुठं जाते ती? सांगा दादा. कुठं जाते?"

"सेवाग्रामले, दवाखान्याजवळ. तिथं पेशंटच्या लोकाईसाठी धर्मशाळा आहे. दिवसभर तिथंच बसून करतो म्हणे."

लहानू नावाच्या ऑटोवाल्याला वासुदेवरावांनीच हाक मारली आणि पत्ता समजावून दिला. सेवाग्रामच्या रस्त्यावर पौर्णिमा एकाच गोष्टीचा विचार करत होती. दवाखान्याजवळ काऊन? मग धर्मशाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवल्याबरोबर तिला ते कळलं. तिथं चाळीस-पन्नास माणसं बसलेली होती. कोणी भिंतीला टेकून झोपलेलं, कोणी भात शिजवतंय, कोणी नुसतं समोर पाहतंय. बाजारात, स्टेशनवर, बागेत दिवसभर बसलेल्या पोरीला कोणीतरी हटकतं. इथं बसलेल्या माणसाला, तू काऊन बसला, असं कोणी विचारत नाही.

कोपऱ्यात चटईवर एक साठीची बाई संत्रं सोलत होती. पौर्णिमाच्या बोटातला रोही पाहून तिचे हात थांबले.

"हे तं आचलचं आहे."

तीन दिवसांत परक्या माणसाच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच आलं. पौर्णिमा तिच्यासमोर चटईवर बसली. त्या बाईचं नाव शकुंतलाबाई. वणीकडच्या एका गावच्या. नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, फेब्रुवारीपासून त्या इथंच होत्या.

"रोज येते पोरगी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "माह्या मालकाच्या गोळ्याईचे कागद वाचून देते. कोणाले खिडकीवर नंबर लावून देते. नाई तं आपली मणी ओवत बसते. गुणाची आहे. मंगळवारी म्हणे, मावशी, आजपासून मी इथंच राह्यतो. माह्याजवळच झोपली दोन दिवस. जेवली नाई धड. तिची आई भरती आहे नं. बरीच होऊन नाई राह्यली म्हणे."



"मीच तिची आई आहो," पौर्णिमा म्हणाली.

शकुंतलाबाईंनी संत्रं खाली ठेवलं. 

"आता कुठं आहे ती?"

"सकाळीच गेली. घरी जातो म्हणे. टेशनवर जातो, म्हणे. माह्या पाया पडली." शकुंतलाबाईंचा चेहरा बदलला. "मी म्हटलं, अवं, पाया काऊन पडते, उद्या येशीलच. तं काही बोलली नाई. किती वाजले बाई? सकाळी नऊला गेली ती."

दोन वाजून गेले होते. पौर्णिमानं घरी शेजारणीला फोन लावला. आचल घरी आली नव्हती. ती धावतच ऑटोकडं आली. लहानूनं काही विचारलं नाही, फक्त ऑटो सुरू केला. सेवाग्राम स्टेशन फार लांब नाही, पण तेवढ्या वाटेत तिनं कितीतरी वेळा रेल्वेचा भोंगा ऐकला. काही खरे होते, काही नसावेत.

स्टेशनात दुपारची सामसूम होती. फलाटावर पंख्याखाली माणसं पडलेली. तोंड बांधलेल्या पोरी इथंही होत्या. दोघी बाकावर, एक नळाजवळ. पौर्णिमानं तोंडं पाहिलीच नाहीत. ती बॅगा पाहत गेली. पहिलीला टेडी, दुसरीला काही नाही, तिसरीची बॅगच लाल. शेड संपलं, फलाट उन्हात पुढं गेला. अगदी टोकाला, गावाच्या नावाच्या पाटीच्या सावलीत एक पोरगी खाली बसलेली होती. बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. चेनीला राखाडी निळा रोही लटकत होता.

हाक मारली तर ती उठेल आणि रुळाकडं जाईल, अशी भीती पौर्णिमाला कुठून वाटली ते तिला सांगता आलं नसतं. तिनं हाक मारली नाही. ती हळूहळू चालत गेली आणि पोरीच्या नि रुळाच्या मध्ये जागा होती तिथं बसली. मग बोटातली कडी काढली आणि दुसरा रोही आचलच्या मांडीवर ठेवला.

आचल त्याच्याकडं पाहत राहिली. दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसत होते. ते सुजलेले होते.

"हे कोणं केलं?"

"म्या अन् तुह्या बाबानं."

"काऊन?"

"तुले शोधाले. तुहं तोंड कोणं पाह्यलं नव्हतं. हे दाखवून इचारलं वर्धाभर."

आचलनं तो उचलला, गळ्याखालचा पांढरा ठिपका बोटानं चाचपला. "एक पाय आखूड आहे," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो पौर्णिमानं तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. पौर्णिमानं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. दुपट्ट्याची गाठ सुटेना, ती तिनं दातांनी सोडवली.

बराच वेळ गेला. एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत पौर्णिमानं पोरीचा दंड दोन्ही हातांनी पकडून ठेवला होता.

"तीन गाड्या गेल्या सकाळपासून," आचल म्हणाली. "बसता नाई आलं."

सिंदीच्या गाड्या का, हे पौर्णिमानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही बरेच दिवस नाही.

"बाबाले माहीत झालं?"

"मंगळवारीच झालं."

"माह्याच्यानं होत नव्हतं आई. इंग्रजीतलं मले काहीच समजत नव्हतं. मॅडम सगळ्याईसमोर उभं करे. तुम्ही गावात सगळ्याईले सांगून ठेवलं, पोरगी नर्स होऊन राह्यली म्हणून. रोज संध्याकाळी वाटे आज सांगतो. मंग तू डबा घेऊन घासाले बसे."

"मंग?"

"मंग नाई सांगता येत होतं."

 पौर्णिमाला राग येत होता. त्याहून जास्त आपल्याच त्या 'हं'चा राग येत होता, डाळ निवडताना केलेल्या. तिनं फोन काढून विवेकला लावला.

"सापडली," ती म्हणाली. पलीकडून ट्रकांचा आवाज येत होता. "ऐकू येऊन राह्यलं का? माह्याजवळ बसली आहे. सेवाग्राम टेशनवर या."

"जेवली का ती?" विवेकनं विचारलं.

संध्याकाळी तिघं सिंदीच्या ठाण्यात गेली, कारण तक्रार बंद करायची तर मुलीचा जबाब लागतो. जमादारांनी पंखा त्यांच्या बाजूला वळवला, नाव-गाव लिहिलं, किती वाजता निघाली, कुठं राहिली ते लिहिलं. कोणी पळवून नेलं नाही, कोणी फूस लावली नाही, हेही लिहिलं. मग त्यांनी पेन थांबवलं.

"घर सोडण्याचं कारण?"

आचल फरशीकडं पाहत राहिली. विवेकचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. सेवाग्रामला आल्यापासून तो तिला एक शब्दही बोलला नव्हता, पण तिच्यापासून दोन पावलंही लांब गेला नव्हता.

"कारण लिहावं लागते पोरी," जमादार म्हणाले. "काहीतरी सांग. घरी मारझोड होते का?"

"नाई."

"मंग?"

 बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"लिहा साहेब," पौर्णिमा म्हणाली. "नापास झाली होती अन् घरी सांगता आलं नाई. घरचे इचारत नव्हते, म्हणून सांगता आलं नाई. असं लिहा."

जमादारांनी विवेककडं पाहिलं.

"तसंच लिहा," विवेक म्हणाला.

त्यांनी तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कागदावर ते वाक्य फार लहान दिसत होतं. आचलनं सही केली. आडनावाची अक्षरं ओळीखाली घसरली, पण जमादार म्हणाले चालते. मग विवेकनं सही केली. शेवटी पौर्णिमानं, पालक म्हणून, आणि नाव-नंबराच्या रकान्यात या वेळी स्वतःचा मोबाइल नंबर घातला.